पुण्याचा रेड अलर्ट आणि कोथरूडचे ऊन

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश थोड्याफार फरकाने फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘पुण्याला रेड अलर्ट दिला आणि कोथरूडला कडक ऊन पडले, हवामान खात्याला झालेला पाऊससुद्धा नीट मोजता येत नाही, त्यापेक्षा पंचांगातली नक्षत्रे खरी, आणि पूर काय, १९६१ लाही आलाच होता, तेव्हा अंदाज वाचूच नका.’ हा संदेश नदीकाठच्या सोसायट्यांमध्येही जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कोथरूडला ऊन पडले, हे खरे असू शकते. परंतु तेवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाही. इशारा जिल्ह्यासाठी असतो, आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच टाकतात. पूर्वेला उतरताना तेच वारे कोरडे होत जातात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या सुमारे एक तृतीयांश. पुणे शहर तर त्याहूनही पूर्वेला आहे आणि त्याची वार्षिक सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या घरात आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शहरातल्या शिवाजीनगरला ११४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला, आणि त्याच चोवीस तासांत घाटातल्या ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक. म्हणूनच आता पुणे शहराचा आणि पुण्याच्या घाट विभागाचा इशारा वेगळा दिला जातो. बातमीतून ‘घाट विभाग’ हे दोन शब्द गळले की कोथरूडचा माणूस आकाशाकडे पाहून फसवणूक झाली असे समजतो. येथे दोष शब्द गाळणाऱ्याचा आहे.

घाटातल्या पावसाशी शहराचा संबंध नाही, असेही मानता येत नाही. टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणे त्याच पावसाने भरतात, त्यांचे पाणी खडकवासल्यात येते आणि तेथून विसर्ग वाढवला की ते मुठेतून थेट शहरात उतरते. शहरात उघडीप असतानाही मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, तो याच कारणाने. त्या २५ जुलैला नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, ते केवळ शिवाजीनगरच्या पर्जन्यमापकात पडलेल्या पावसाचे नव्हते. शिवाय इशाऱ्यातल्या लाल रंगाचा अर्थ ‘कृती करा’, नारिंगीचा ‘सज्ज राहा’ आणि पिवळ्याचा ‘लक्ष ठेवा’ असा आहे. प्रत्येक पेठेत धो-धो पाऊस कोसळेल, असे वचन त्यात नसते. अंदाज चुकतात, हे मी मान्य करतो. विशेषतः मे महिन्यातल्या वळिवाचा ढग काही किलोमीटरांचाच असतो, तासाभरात वाढून विरतो, आणि तो हडपसरवर बरसेल की वाघोलीवर, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. पण त्या मर्यादेला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

मोजमापाच्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. त्यामुळे मंगळवारी रात्रीचा पाऊस बुधवारच्या आकड्यात दिसतो, आणि शिवाजीनगर, पाषाण व लोहगाव येथील आकडे एकाच दिवशी वेगळे असणे हे पावसाचेच लक्षण आहे. गच्चीवरच्या बादलीत साठलेले पाणी त्याच्याशी ताडून पाहायचे असेल, तर निदान वेळ तरी तीच धरावी लागेल.

नक्षत्रांबद्दल मी आदराने लिहितो, कारण मृग, आर्द्रा, हस्त ही नावे शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने अर्थपूर्ण झाली आहेत. मात्र सूर्य प्रत्येक नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो आणि मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारासच लागतो. मोसमी पाऊस मात्र मुंबईत २०२३ मध्ये २५ जूनला आणि २०२५ मध्ये २६ मे रोजी पोहोचला. मृगाची तारीख जवळजवळ तीच आणि पावसात महिन्याचे अंतर! नक्षत्र सरासरी सांगते. या वर्षी पेरणी कधी करावी, हे ते सांगू शकत नाही.

राहिला १९६१ चा दाखला. १२ जुलै १९६१ चा पूर पानशेतचे धरण फुटल्यामुळे आला. त्यावरून पावसाच्या स्वरूपाबद्दल, ते पूर्वीसारखेच आहे किंवा बदलले आहे, असा कोणताच निष्कर्ष निघत नाही. तो प्रश्न दीर्घकाळच्या नोंदींनी सोडवायचा असतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. एखादा विशिष्ट पूर याच बदलाने आला, असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला आलेला पूर धरण फुटल्याने आलेला नव्हता. कात्रजच्या बाजूला थोड्या तासांत झालेल्या पावसाने ओढा भिंती पाडत वस्त्यांत शिरला. अशा पावसाची सूचना पुढच्या तीन तासांसाठीच्या तात्कालिक अंदाजातून मिळू शकते, आणि ‘अंदाज वाचूच नका’ म्हणणारा हा संदेश ओढ्याकाठच्या माणसाला नेमक्या त्याच सूचनेपासून दूर नेतो.