सिमेंटचा पत्रा फोडण्याआधी चाचणी कशाला, असे विचारणाऱ्या संदेशाला उत्तर

सांगली, मिरज, कुपवाड आणि थेट कराडपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. जुन्या घराची दुरुस्ती काढण्याआधी पत्र्यात किंवा पाइपात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास कर्करोग करू शकणारे खनिज तंतू) आहे का हे तपासणे म्हणजे परदेशी खूळ आहे, असे त्यात म्हटले आहे. हे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असते, आपल्याकडचे पांढरे असल्याने निरुपद्रवी असते, त्यावर बंदी नाही, अनुभवी गवंडी ते पाहताच ओळखतो आणि तीस वर्षे त्या छपराखाली राहिलेल्यांना काही झालेले नाही, अशी कारणे पुढे दिली आहेत. हा संदेश वाचून लोक निर्धास्तपणे घण हातात घेत आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिले कारण अर्धे खरे आहे आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतात, आणि पत्रा धड असेपर्यंत ते सिमेंटने धरून ठेवलेले असतात, हे मला मान्य आहे. अशा पत्र्याखाली राहणाऱ्यांनी घाबरून तो उद्याच उतरवावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु संदेश दुरुस्तीबद्दल बोलतो, आणि दुरुस्तीत पत्रा धड राहत नाही. तो ग्राइंडरने कापला जातो, सांगाड्याला जखडणाऱ्या जे-हुकसाठी त्याला ड्रिलने भोके पाडली जातात, पावसाळ्याआधी शेवाळ काढण्यासाठी तो तारेच्या ब्रशने खरवडला जातो, आणि नको झाला की वरून फोडून तुकडे खाली टाकले जातात. या प्रत्येक कृतीत सिमेंटची पकड सुटते आणि तंतू हवेत मिसळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पूर ओसरल्यावर गावोगावी पडकी घरे साफ झाली, तेव्हा मी फुटक्या पत्र्यांचे ढीग कोरड्या झाडूने लोटले जाताना पाहिले आहेत. तेच तुकडे पुढे गोठ्यात आणि पाणंदीत भराव म्हणून पडले, आणि त्यावरून चाके गेली की ते पुन्हा भरडले जातात.

पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, निरुपद्रवी असल्याचा दावा तर सरळ खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. निळ्या आणि तपकिरी प्रकारांचा धोका अधिक मानला जातो, पण त्यामुळे पांढरा सुरक्षित ठरत नाही.

बंदी नाही, हे खरे. मात्र जगातील साठहून अधिक देशांनी ती घातली आहे आणि अमेरिकेनेही मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम काढला. कायदा आज काय विकू देतो, यावरून फुप्फुसाला काय सोसेल हे ठरत नाही.

तीस वर्षांच्या अनुभवाचे काय? मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, तंतू शरीरात गेल्यानंतर साधारणतः २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला, तो याच विलंबामुळे. शिवाय धड पत्र्याखाली झोपणे आणि तोच पत्रा फोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीच्या अनुभवावरून दुसरीची हमी देता येत नाही.

गवंड्याच्या नजरेबद्दल मला आदर आहे. तरीही हे तंतू केसाच्या कितीतरी पट बारीक असतात, आणि अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतू घातलेले सिमेंटचे पत्रेही तसेच करडे दिसतात. खात्री ध्रुवित प्रकाशाच्या किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच होते. अर्थात प्रत्येक पत्र्याची चाचणी हवी असे नाही. मागच्या बाजूला आयएस ४५९ चा शिक्का दिसला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याच्या मानकाचा असल्याने चाचणीवर पैसे घालवू नयेत. शिक्का नसलेले जुने पन्हाळी पत्रे, छताखालचे सपाट बोर्ड आणि करडे जुने पाइप यांच्याबाबत मात्र चाचणी करावी. ती जमत नसेल, तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे.

नमुना घेताना पंखे बंद ठेवावेत, थोडा साबण मिसळलेल्या पाण्याने जागा भिजवावी आणि तडा गेलेल्या कडेचा रुपयाएवढा तुकडा पकडीने हळूच काढून एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करावा. उघडी पडलेली कड रंगाने झाकावी. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हे आधी विचारावे. नाकाला बांधलेला रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा साधा मास्क हे तंतू अडवत नाही. पी-१०० दर्जाचा फिल्टर लागतो.

हे सारे ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी व्हायला हवे. अहवाल हातात असला, तर पत्रे भिजवून, हुक सोडून, अखंड उतरवण्याची आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची अट दरातच घालता येते. काम सुरू झाल्यावर कोणी ती ऐकत नाही, आणि त्या दिवशी धुळीत उभे राहणारे बहुतेक वेळा घरमालक नसून रोजंदारीवर आलेले मजूर असतात. ते तेच कपडे अंगावर घेऊन घरी जातात. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या त्यांच्या घरच्या स्त्रियांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.