नोंदणी ठेकेदाराची की फायलीची?

सरकारी बांधकामाचं टेंडर भरायला ठेकेदाराची नोंदणी हवीच, याबद्दल माझं दुमत नाही. पूल काय कोणीही उठून बांधायची गोष्ट नाही. माझं भांडण आहे ते नोंदणी करताना विचारतात त्या प्रश्नांशी.

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच: तू केवढा मोठा? उलाढाल, बँकेचा सॉल्व्हन्सी म्हणजे आर्थिक पत असल्याचा दाखला, यंत्रसामग्री, पदरी असलेले अभियंते. त्यावरून वर्ग ठरतो, आणि वर्गावरून किती रकमेपर्यंतचं टेंडर भरता येईल ते. वर पुन्हा अनुभवाची अट. आपल्या केंद्रीय दक्षता आयोगाचा २००२ चा निकष बघा: गेल्या सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के रकमेची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक तत्सम काम पूर्ण केलेलं असावं. निकष म्हणून वाजवी आहे. पण नवख्याचं काय होतं? काम नाही म्हणून अनुभवाचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून काम नाही. मग तो मोठ्याचं नाव वापरतो. टेंडर मोठ्याचं, घाम याचा, टक्केवारी मोठ्याची. कागदावर वरच्या वर्गाचा ठेकेदार, साइटवर ज्याची कुठेच नोंद नाही असा माणूस! आणि टक्केवारी कुठून निघते? सिमेंटमधून आणि मजुरीतून, दुसरीकडून कुठून निघणार.

म्हणून मला कॅलिफोर्नियाचा २०१४ चा कायदा आवडतो. सार्वजनिक कामांसाठी तिथे नोंदणी करताना विचारतात: कामगारांचा अपघात विमा आहे का? कोणाची मजुरी थकवली आहेस का? सरकारी कामांवर बंदी आहे का? मुख्य म्हणजे पोटकंत्राटदारालाही हीच नोंदणी लागते. प्रश्न मोजकेच, पण नेमके दुखऱ्या जागेवरचे.

युरोपीय संघाने तर २०१४ च्या निर्देशात उलाढालीच्या अटीलाच लगाम घातला. सबळ कारण नसेल तर कंत्राटाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त वार्षिक उलाढाल मागता येत नाही. टेंडर भरताना स्वयंघोषणा पुरते. कागदपत्रं सहसा ज्याला काम मिळणार त्याच्याकडूनच घेतात. आपल्याकडे हरणाराही गठ्ठाभर झेरॉक्स जोडतो, ते वेगळंच.

‘छोटे लोक काम अर्धवट टाकून पळतात’, हा आक्षेप खोटा नाही. मोठेही पळतात, फक्त वकील घेऊन. त्यावरचा इलाज हमीपत्राचा. अमेरिकेत १९३५ च्या मिलर कायद्यापासून केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांना दोन हमीपत्रं लागतात: एक काम पुरं करण्याचं, दुसरं मजूर आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे देण्याचं. हमी देणाऱ्या कंपनीचे स्वतःचे पैसे अडकतात, त्यामुळे ती ठेकेदाराच्या वह्या कुठल्याही कारकुनापेक्षा बारकाईने वाचते.

एक साधी सुरुवात सुचवतो. साइटवरच्या फलकावर मुख्य ठेकेदाराच्या खाली प्रत्येक पोटकंत्राटदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला लावा. याला सगळ्यात आधी हरकत कोण घेतं, तेवढं बघू.