पोटातलं पाणी काढण्याच्या रिव्ह्यूला हॉस्पिटलकडून उत्तर

नमस्कार दादा. वडिलांना घेऊन दिवसभर ताटकळावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. पण 'नुसती सुई टोचायची, त्यासाठी संध्याकाळपर्यंत अडकवलं, वर तीन बाटल्यांचे पैसे लाटले' हे वाचून फार लागलं. सांगलीत छोटं हॉस्पिटल चालतं ते लोकांच्या विश्वासावर. जत, कवठेमहांकाळकडचा पेशंट निघण्याआधी मोबाईलवर हेच वाचतो.

सात लिटर पाणी निघालं, हे तुम्हीच लिहिलंय. लिव्हरच्या पेशंटचं एका वेळी पाच लिटरच्या वर पाणी काढलं की बीपी उतरू शकतं, किडनीवर परिणाम होऊ शकतो, आणि ते कधी कधी घरी गेल्यावर कळतं. म्हणून काढलेल्या दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, शिरेतून देतात. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं. आता हिशेब करा, तीनच बाटल्या होतात. हे औषध माणसाच्या रक्तातून काढलेलं, त्यामुळे महाग आहे आणि सावकाश चढवावं लागतं. त्याआधी लघवी करून घेणं, सोनोग्राफीवर जागा बघणं, इन्फेक्शन आहे का ते बघायला पाणी लॅबला पाठवणं. यातलं काय गाळायचं?

सिस्टर अंगावर आल्या म्हणता. एसटी चुकेल म्हणून औषधाच्या नळीचं चाक तुम्ही स्वतः पूर्ण उघडलंत. त्या दर थोड्या वेळानं बीपी बघून वेग ठरवत होत्या, म्हणून त्यांनी तुमचा हात बाजूला केला. तिथं दुसरं कुणी असतं तरी मी त्यांना हेच करायला सांगितलं असतं. मीठ कमी सांगितलेल्या पेशंटच्या डब्यात लोणचं होतं, त्यावरही त्या बोलल्या, ते काळजीपोटीच.

बाटल्यांचा अंदाजे खर्च यापुढे आधीच कागदावर देऊ, नातेवाइकांच्या बसण्याचंही बघतो.

वडिलांना ताप आला, पोट दुखलं, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर रात्री-अपरात्रीही घेऊन या. फाईल सोबत असू द्या.