‘जुना रायडर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: कोनसेट, हातोडी आणि ‘बाळा’

नमस्कार,

मागच्या रविवारी मी माझ्या २०१६च्या हिमालयन मोटरसायकलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी) घरच्या अंगणात कसा बदलला ते लिहिलं होतं. त्याच्यावर ‘जुना रायडर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण दोन दिवस ती डोक्यातून जाईना, ऑफिसात बसलो तरी तेच, म्हणून आता सविस्तरच लिहितो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. "बाळा, आधी चार पुस्तकं वाच आणि मग लोकांना शिकव. बेअरिंगच्या रेस छन्नी-हातोडीने ठोकून काढायच्या नसतात, ते वर्कशॉपचं काम आहे." हे मुख्य (रेस म्हणजे बेअरिंगची कडी, जिच्यावर बॉल फिरतात). पुढे असं की कार्बोरेटरवाली, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली इतकी जुनी गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जाणं बेजबाबदारपणा आहे, मी दिलेल्या खर्चात मजुरी आणि हत्यारांचे पैसे धरलेले नाहीत, ब्रेक फ्लुइडबद्दल एक अक्षर नाही, कुंझुम खिंडीची उंची चुकली आहे. आणि माझ्या ‘पेचकस’ आणि ‘छन्नी’ या शब्दांपुढे दोन-दोन प्रश्नचिन्हं.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं कोणी म्हणायला नको. कुंझुम पाच हजार मीटर नाही, साडेचार हजारच्या थोडं वर आहे. लिहिताना बारालाचा खिंडीशी गल्लत झाली, ती जास्त उंच आहे पण पाच हजार ती पण नाही. चूक माझी. आकडा दुरुस्त केला, धन्यवाद.

आता ‘बाळा’. मी ४७ वर्षांचा आहे. माझी मुलगी इंदूरच्या एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तुमची प्रतिक्रिया मला तिनेच दाखवली, "बाबा, हे काय लिहिलंय तुम्हाला" म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही स्वतःचं नाव सुद्धा लिहिलेलं नाही आणि पहिल्याच शब्दात मला शाळेच्या बाकावर बसवलंत. आमच्याकडे इंदूरला अनोळखी माणसाला भिया म्हणतात, पोहेवाला म्हणतो, पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणतो, त्यात एक बरोबरी असते. टीका करा ना, जरूर करा, मी लिहितो ते लोकांनी तपासावं म्हणूनच लिहितो. पण तुम्ही जे म्हणालात ते "अहो, एक शंका आहे" असं सुरू करूनही म्हणता आलं असतं.

आणि प्रश्नचिन्हांचं पण सांगून टाकतो. पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, छन्नी म्हणजे छिन्नी. आमच्या घरात चार पिढ्या पेचकसच म्हणतात. अहिल्याबाईंच्या आधीपासून मराठी माणसं या माळव्यात आहेत, रामबागेत आणि लोकमान्य नगरात आजही सकाळी गाडी पुसताना मराठीतच भांडतात लोक, त्या मराठीत इथलं पाणी मिसळलंय. ती चुकीची मराठी नाही, इथली मराठी आहे.

आता हातोडी. तुमच्या त्या एका वाक्याने मला जास्त लागलं कारण ते चूक आहे, आणि ते वाचून एखादा नवा मुलगा घाबरून गाडी अशा कोणाच्या हातात देईल की ज्याला स्वतःला काम येत नाही.

कोनसेट म्हणजे हँडलच्या दांड्यावर वर एक आणि खाली एक असे दोन बेअरिंग. त्यांच्या बाहेरच्या रेस फ्रेमच्या नळीत घट्ट बसलेल्या असतात. आता मला सांगा, फ्रेमची नळी म्हणजे अख्खी गाडी, ती तुम्ही हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवणार कशी? वर्कशॉपमध्ये पण रेस आतून लांब पंच लावून ठोकूनच काढतात. एकदा या बाजूने, एकदा समोरच्या बाजूने, थोडं थोडं, म्हणजे ती तिरकी अडकत नाही. पुलर (रेस ओढून काढायचं हत्यार) मिळतात, मान्य, पण शंभरातल्या किती गॅरेजमध्ये तुम्ही तो पाहिलाय? माझा पंच पितळी होता, इथल्या सियागंज बाजारातून आणलेला, पितळ नरम असतं त्यामुळे नळीला ओरखडा पडत नाही. छन्नी मी फक्त खालच्या बेअरिंगच्या आतल्या रेससाठी वापरली, जी दांड्यावरच बसलेली असते, आणि ती रेस फेकायचीच होती. हे सगळं मी लेखात फोडून लिहिलं नव्हतं हे खरं, पण ज्याने हे काम एकदा तरी केलंय त्याला ते लिहावं लागत नाही.

नवीन रेस बसवताना मी ठोकलं सुद्धा कमीच. रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या (बायको ओरडली, मटारच्या पिशवीशेजारी लोखंड ठेवलं म्हणून), सकाळी नळी हीट गनने गरम केली, लोखंड गार झालं की आकसतं आणि गरम झालं की पसरतं हे आठवीतलं विज्ञान आहे, रेस अर्धी आपणहून आत गेली. उरलेली लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट लावून पान्याने खेचत बसवली. शेवटी जुनी रेस उलटी ठेवून तिच्यावर दोन टोले दिले ते फक्त आवाज ऐकायला. पूर्ण बसली नसेल तर आवाज भदभद येतो, तळाला टेकली की टण्ण येतो.

हा आवाज मला कोणत्या पुस्तकाने शिकवला नाही. माझे वडील इथल्याच एका कापड गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडेपर्यंत. मोठ्या पेचकसचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून ते सांगायचे की हे महिनाभर चालेल, हे आज बदला. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी ते माझ्या कानाला लावलं होतं. चांगल्या बेअरिंगचा आवाज सलग येतो, झालेल्याचा दळल्यासारखा. तुम्ही मला चार पुस्तकं वाच म्हणालात तेव्हा मला तो पेचकस आठवला आणि खरं सांगतो, हात थरथरला.

पण मी हे काम स्वतः करायला का लागलो ते पण ऐका, कारण ‘वर्कशॉपचं काम’ वर्कशॉपला देऊनच मी शिकलोय.

गाडी मी २०१९ मध्ये सेकंड हँड घेतली. थोड्याच दिवसांत पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये टक्क असा खटका यायला लागला आणि पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं की अगदी मध्यावर एक खाच लागायची. जुन्या गाडीत हे होतंच. माणूस बहुतेक वेळ सरळ चालवतो, बेअरिंगचे बॉल त्याच त्या जागी बसलेले असतात, खड्ड्याखड्ड्याला तिथेच मार बसतो आणि रेसमध्ये बारीक खळगे पडतात. त्यात प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली की ग्रीस निघून जातं ते वेगळंच. एका गॅरेजमध्ये दाखवली (नाव घेणार नाही), त्यांनी संध्याकाळी परत दिली, खटका गेला होता, मी खूश. त्यांनी काय केलं होतं तर बेअरिंग तेच, नुसती वरची नट आवळली होती.

पुढच्या रविवारी मी आणि बायको महेश्वरला निघालो. मानपूरच्या घाटात उतरताना, तो घाट ज्याने पाहिलाय त्याला माहितीये तिथे ट्रक कसे येतात, गाडी माझं ऐकेना. हँडल जास्त आवळलं की गाडी स्वतःहून सरळ होत नाही, आपण थोडं डावीकडे गेलो की तिथेच राहते, मग आपण उजवीकडे आणतो तर ती जास्त येते, सापासारखी चालते. एका वळणावर मी ट्रकच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर होतो आणि मागे बायको माझं जॅकेट धरून. गुजरीला उतरून चहाच्या टपरीवर अर्धा तास नुसता बसलो होतो. ते काम वर्कशॉपमध्ये झालं होतं, ‘जुना रायडर’ साहेब, पावती होती माझ्याकडे.

त्या दिवशी ठरवलं की हँडल आणि चाकं यांच्यातलं काही मी न बघता कोणी आवळणार नाही. आता काम झालं की तपासायचं कसं ते मी लेखात लिहिलंच आहे, ते तुम्ही वाचलंत की नाही कोण जाणे. पुढचं चाक अधांतरी, हँडल मध्यावर, बोटाने हलकंसं ढकललं की ते आपल्याच वजनाने एका बाजूला पडलं पाहिजे. जिथल्या तिथे थांबलं तर जास्त आवळलंय. मग फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या टोकांना धरून पुढे-मागे ओढायचं, जरा जरी खेळ जाणवला तर ढिलं आहे. दोन्हीच्या मधली जागा हाताला कळेपर्यंत नट चार वेळा सोडायची आणि परत लावायची. मला पहिल्यांदा दोन तास लागले. दोनशे-तीनशे किलोमीटर चालल्यावर परत बघायचं कारण नवीन रेस थोड्या बसतात. कोणत्या गॅरेजवाल्याने तुम्हाला तीनशे किलोमीटरनंतर परत बोलावलंय?

याच कोनसेटवर मी गेल्या सप्टेंबरात इंदूरहून कोटा, जयपूर, चंदीगड, शिमला करत नाको, ताबो, काजा, आणि परत कुंझुमवरून बातल, छत्रू, ग्रांफू असं साडेतीन हजार किलोमीटर फिरून आलो. बातल ते ग्रांफू रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे, दुपारनंतर वरचा बर्फ वितळून नाले फुगतात म्हणून सकाळी लवकर निघावं लागतं. घरी आल्यावर चाक उचललं, हँडल बोटाने ढकललं, पडलं. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही आणि मला वाटतं लागतही नाही.

बेजबाबदारपणाबद्दल एवढंच की २०१६ची गाडी आहे, तेव्हा एबीएस सक्तीचं नव्हतं, लाखो लोक तशाच गाड्या चालवतात. कार्बोरेटर उंचीवर जास्त पेट्रोल खातो, गाडी दमते, प्लग काळा पडतो, हो. मी कुंझुमच्या आधी लोसरला प्लग काढून पुसला आणि पुढे गेलो. हिमालयनच्या ४११ सीसी इंजिनचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिलिमीटरचा आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८चा, खालच्या आरपीएमला ओढते, नाल्यातल्या गोट्यांवर क्लच न जाळता पहिल्या गिअरमध्ये चालत जाते. बातलला ढाब्यावर एक मुलगा भेटला होता, सहा महिन्यांची कोरी गाडी, क्लच केबल तुटून सकाळपासून बसलेला, कारण टूलकिटची पिशवी त्याने कधी उघडलीच नव्हती. माझ्याकडे स्क्रूवाली निप्पल (केबलच्या टोकाला आवळून बसवायची गुंडी) होती, ती लावून दिली, तो मनालीला पोचला. त्याच्या गाडीला एबीएस होतं.

खर्चाचं म्हणाल तर हौसेने केलेल्या कामाची मजुरी मी लावत नाही आणि सी-पाना (कोनसेटची गोल नट फिरवायचा पाना) एकदा घेतला की जन्मभर पुरतो. ब्रेक फ्लुइड हा त्या लेखाचा विषयच नव्हता. कोनसेटच्या लेखात ब्रेकचं का नाही हे विचारणं म्हणजे पोह्यांच्या कृतीत चहाचं का नाही असं विचारण्यासारखं आहे. त्यावर कधी वेगळं लिहीन.

तुम्ही जुने रायडर असाल, असालच, मी ते नाकारत नाही. कदाचित माझ्यापेक्षा जास्त किलोमीटर तुमच्या नावावर असतील. पण मग तुमच्या प्रतिक्रियेत एक तरी वाक्य असं हवं होतं की ज्यातून मला काही शिकायला मिळालं असतं. रेस तुम्ही कशाने काढता ते लिहा ना. पुलर वापरत असाल तर कोणता, कुठे मिळतो, किती रुपयांना. मी वाचीन, करून बघीन आणि आवडलं तर तुमच्या नावासकट लेखात घालीन.

पितळी पंचाचं वाक्य आज सकाळी लेखात घातलं आहे, कुंझुमच्या आकड्यासोबतच. हातोडीचं मात्र काढणार नाही. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, मलाही काय हाक मारायची ते कळेल.