‘वारा वाढला तर पूर्ण शीड उघडा’ हा सल्ला पुढे पाठवू नका

पैठण, गंगापूर, संभाजीनगर भागात गळाने मासे धरणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: शिडाच्या कयाकला (शीड लावलेल्या छोट्या, अरुंद होडीला) वाऱ्याचं भय नाही. नाथसागरावर हात बसला की कोकणात सुरमईला बिनधास्त जा. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसलं की निघा. वारा वाढला तर पूर्ण शीड उघडून पळत या, नाहीतर नांगर टाकून बसा. उलटलीच तर पोहत किनारा गाठा. थंडीत आपल्याकडून गाडीवर कयाक बांधून कोकणात जाणारे वाढलेत, म्हणून यातलं एकही वाक्य तसंच सोडून चालणार नाही.

आधी नाथसागराबद्दल. सुमारे ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटर रुंद आणि बऱ्याच ठिकाणी उथळ असं हे पाणी आहे. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांब वाहत येतो तितकी लाट वाढते, आणि उथळात ती आखूड व उभी होते. वळवाच्या आधी सुटणाऱ्या वाऱ्यात इथेही कयाक उलटू शकते. तेव्हा सराव इथे जरूर करा. पण धरणाला सगळीकडून काठ आहे, भरकटलात तरी कुठेतरी लागता. समुद्रात तसं नाही. शिवाय भरती-ओहोटी इथे शिकायला मिळत नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समोरून आत येणारा असला, की थोड्याच वेळात लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात.

सपाट पाण्याचा मुद्दा तर उलटाच आहे. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. डोंगर आणि माडांच्या आडोशाला पाणी काचेसारखं दिसतं, वारा जाणवतही नाही. आडोसा संपला की तोच वारा पाठीमागून खोल समुद्रात ढकलत नेतो. जाताना मजा वाटते. परतताना मात्र वाऱ्याविरुद्ध तिरके टप्पे घेत यावं लागतं, आणि त्यात या छोट्या होड्या कमजोर असतात. पॅडल मारून माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर जातो, तेही दमलेला नसताना.

आता पूर्ण शीड. सगळ्यात घातक सल्ला हाच. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वारा दुप्पट झाला की दाब चौपट. आणि वाऱ्याबरोबर पळताना हे कळतच नाही. वारा ताशी ३० किलोमीटर आणि कयाक १० ने पळत असेल, तर अंगावर २० चाच वारा लागतो. सगळं ताब्यात आहे असं वाटतं. एखादा मासा लागला म्हणून वळलात की तोच वारा तिशीच्या वर लागतो आणि शिडावरचा दाब एकदम दुपटीपलीकडे जातो. न वळतासुद्धा धोका आहेच. लाटेवरून उतरताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समोरच्या लाटेत घुसते, किंवा दिशा जरा चुकली की शीड फटकन दुसऱ्या बाजूला फिरतं आणि होडी आडवी होते.

म्हणून शीड आधी कमी करायचं, वारा वाढायची वाट बघत बसायचं नाही. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसले की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. वारा जिकडे ढकलतो त्या बाजूची उलांडी (तोल राखायला होडीच्या बाजूला जोडलेला तरंगता दांडा) पाण्याखाली दबायला लागली, तर तोही इशाराच. गळ आत ओढा, उभे रॉड आडवे बांधा, नाहीतर शिडाचा दोर नेमका त्यांच्यात अडकतो. मग शीड डोलकाठीभोवती अर्ध्याहून अधिक गुंडाळा. जोराच्या वाऱ्यात चिंधीएवढं शीडही पुरतं. दोर हातातच हवा, पक्का अडकवलेला नको. झोत आला की सोडून देता आला पाहिजे.

नांगर टाकायला हरकत नाही, पण दोर नाळेलाच हवा आणि खोलीच्या किमान पाचपट लांब. बाजूला किंवा मागे बांधलेला नांगर लाटेत होडीला खाली ओढतो. तळ लागत नसेल तिथे नाळेवरून पाण्यातलं छोटं पॅराशूट सोडतात. त्याने तोंड लाटेकडे राहतं आणि वाहणं मंदावतं.

राहिलं पोहत येणं. उलटलेली कयाक तरंगते आणि पाण्यात एकट्या डोक्यापेक्षा लांबून दिसते. तिला सोडायचं नाही. सुटली तर वारा तिला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने नेतो. लाइफ जाकीट अंगात, बंद लावलेलं हवं. होडीत ठेवलेलं ऐनवेळी घालता येत नाही. उलांडीवाली कयाक पूर्ण पालथी झाली की एकट्याने सरळ करणं फार अवघड, त्यामुळे तो सराव काठाजवळ, सोबत माणूस घेऊन आधीच करा. फोन जलरोधक पिशवीत आणि अंगाला बांधलेला असू द्या. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, होडीवरचा व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.