सिकलसेलच्या पोरांचा जबडा दुखतो तेव्हा

"सिकलसेलच्या मुलाचा जबडा दुखला तर ती अक्कलदाढच. बर्फाने शेका. एक्स-रे साफ आला तर मूल नाटक करतंय. तरी थांबलं नाही तर दाढ काढून मोकळे व्हा." हा मेसेज गोंदियाला ताईच्या फोनवर पोचला. भाचा सतरा वर्षांचा, एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा जनुक आलेला. मी फोन केला तेव्हा ताई फ्रीजमधून बर्फ काढत होती. तो ट्रे आधी परत ठेवायला लावला.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मंदावतं आणि या पेशी आणखी अडकतात. क्रायसिसमध्ये, म्हणजे पेशी अडकून जोराचं दुखणं उठतं तेव्हा, बर्फ लावायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या तज्ज्ञांनी 2014 साली या आजारावर सविस्तर मार्गदर्शन काढलं. त्यात औषधाच्या जोडीला शेक सांगितलाय, तोही गरम. क्रायसिसचा रुग्ण दवाखान्यात आला की पहिल्या तपासणीपासून 30 मिनिटांत वेदनाशामक सुरू करा, असंही त्यात आहे. आणि दुखणं किती आहे हे रुग्णच सांगणार, कारण ते मोजणारी रक्ताची तपासणी नाही.

मग "नाटक" कुठून आलं? खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला तरी सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेवर काही दिसत नाही. एमआरआयमध्ये आधी दिसतं, पण हाड मेलंय की त्यात जंतुसंसर्ग झालाय हे त्यातूनही दर वेळी कळत नाही. ताप, सूज, पू, रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) असं सगळं जुळवूनच निदान होतं. अशा पोराला खोटारडं ठरवलं तर पुढच्या वेळी ते बोलणारच नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

मेसेजमधलं दाताबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. किडीचा संसर्ग क्रायसिस ओढवू शकतो, म्हणून दंतवैद्याला दाखवायलाच हवं. पण या आजारात न किडलेल्या दाताचाही आतला गर मरू शकतो. तो जिवंत आहे की नाही हे तपासता येतं आणि मेला असेल तर बहुतेकदा रूट कॅनॉलने दात वाचतो. दुखणं हाडाचं असेल तर दाढ उपटून काय मिळणार? काढायचीच वेळ आली तर सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर झाला तर मेसेजवाले काहीच सांगत नाहीत. जबड्यातून जाणारी नस दाबली गेल्याची ती खूण असते. हे झालं, किंवा ताप 101.3 फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट न बघता सिकलसेलचं कार्ड घेऊन दवाखाना गाठा.