१९९८ ची पायरी ढगांची नाही: परभणीच्या आलेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा: आयएससीसीपी या जागतिक ढग-प्रकल्पाची मासिक माहिती उतरवून तुम्ही परभणीच्या चौकटीचा आलेख काढला. त्यात १९९८ नंतर ढगांचे प्रमाण एकदम खाली बसलेले दिसले. माझ्या लेखात मात्र ‘दुरुस्त’ मालिका वापरली होती आणि तिच्यात ती घसरण नाही. ‘मराठवाड्याचे ढग कमी झाले हे लपवायचे आहे का? आकड्यांना हात का लावला?’ असे तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

आलेख काढण्यात तुमची चूक नाही. पण आलेखातली ती पायरीसारखी घसरण ढगांची नसून ढग बघणाऱ्याची जागा बदलल्याची आहे. प्रकल्पाची नोंद जुलै १९८३ पासून सुरू होते. तेव्हा त्याच्या हाती हिंदी महासागरावरच्या भूस्थिर (म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेवर राहणाऱ्या) उपग्रहाची सलग चित्रे नव्हती. युरोपचा मेटिओसॅट ०° रेखांशावर होता, जपानचा जीएमएस १४०° पूर्वेला. परभणीच्या माथ्यावरून सरळ वर जाणारी रेघ धरली, तर जीएमएस तिच्यापासून ७३° कलून बघत होता आणि मेटिओसॅट ८६°, म्हणजे जवळपास क्षितिजावरून. त्यामुळे ही फट मुख्यतः नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या, ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांनी भरली. असा एक उपग्रह एका जागेवरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. १९९८ मध्ये मेटिओसॅट-५ हा ६३° पूर्वेला आणला गेला आणि परभणी २८° च्या कोनातून, दर तीन तासांनी नोंदीत येऊ लागली.

तिरपे पाहिले की ढगांमधल्या फटी झाकल्या जातात. ७३° वर नजरेला हवेचा ३.४ पट जाड थर ओलांडावा लागतो, २८° वर फक्त १.१ पट, त्यामुळे तिरप्या नजरेला सिरससारखा उंचावरचा विरळ ढगसुद्धा दाट दिसतो. शेतातल्या तुरीच्या ओळी बांधावरून पाहिल्या की माती दिसत नाही, विहिरीच्या कठड्यावर चढून पाहिल्या की दिसते. तूर तेवढीच असते. इव्हान, हायडिंगर आणि व्हिमाँट या संशोधकांनी २००७ मध्ये याच कारणाने आयएससीसीपीतील जागतिक ढगांची घसरण खरी मानू नये असे दाखवले.

वेळेचाही घोटाळा आहे, आणि तो माझ्या मते कोनाइतकाच मोठा. नोआ-११ हा १९८८ मध्ये सोडला तेव्हा विषुववृत्त दुपारी पावणेदोनच्या सुमारास ओलांडायचा. कक्षा सरकत सरकत १९९४ पर्यंत ती वेळ सायंकाळी पाचच्या आसपास गेली. आपल्याकडे वळवाचे ढग याच तीन तासांत उठतात. एकच आभाळ आधी दोनला आणि नंतर पाचला मोजले, तर ‘ढग वाढले’ असे निघणारच.

आता ‘आकड्यांना हात लावणे’ याबद्दल. मोंढ्यात सोयाबीन घालण्याआधी आपण काटा शून्यावर आहे का ते पाहतो, मग माहितीचे वजन ठेवून तपासतो. उपग्रहाचा अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण मोजणारा, सेन्सर हेच करतो: रिकामे अवकाश म्हणजे शून्य, आणि आतली माहितीच्या तापमानाची काळी पट्टी म्हणजे वजन. आपल्या इन्सॅट-३डीआर या भूस्थिर हवामान उपग्रहाचा इमेजर (चित्रे घेणारे उपकरण) १० बिटचा आहे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला ० ते १०२३ मधला एक कच्चा आकडा, काउंट. काउंटवरून रेडिअन्स (सेन्सरपर्यंत आलेल्या किरणांची तीव्रता) आणि त्यावरून तापमान काढायचे, असा क्रम आहे. इस्रोच्या मोसडॅक या माहिती-संकेतस्थळावरच्या एचडीएफ५ फाइलमध्ये यासाठी तक्ता दिलेला असतो. तोच वापरा. रंगीत जेपीजीवरून तापमान वाचू नका, त्यात नुसती डोळ्यांना दिसण्यासाठी छटा ताणलेली असते.

चूक कुठे वाढते, ते पाहा. ११ मायक्रोमीटरवर रेडिअन्समध्ये ०.१ एककाची (वॅट प्रति चौरस मीटर, स्टेरेडियन, मायक्रोमीटर) चूक झाली, तर ३०० केल्विनच्या जमिनीवर ती ०.७ अंश होते. २०० केल्विनच्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावर तीच चूक जवळपास ३ अंश होते. म्हणून तुलना नेहमी रेडिअन्समध्ये करायची, तापमानात नाही.

इन्सॅटचे आकडे तपासायचे असतील तर युरोपच्या मेटॉप या ध्रुवीय उपग्रहावरचा आयएएसआय हा अवरक्त सेन्सर चांगला मानदंड आहे. त्याचे ८,४६१ चॅनेल इन्सॅटच्या स्पेक्ट्रल प्रतिसादाने (कोणत्या तरंगलांबीला तो किती संवेदनशील आहे त्या प्रमाणात) भारित करून एक चॅनेल बनवा. वेळेतला फरक ५ मिनिटांच्या आत ठेवा, आणि दोघांचा हवेतला मार्ग १ टक्क्याच्या आत सारखा असू द्या. आयएएसआयचा एक ठिपका उपग्रहाच्या बरोबर खाली १२ किलोमीटरचा असतो, म्हणून इन्सॅटचे ४ किलोमीटरचे ३×३ पिक्सेल सरासरीत घ्या. ढगांच्या कडेवरचे ठिपके टाकून द्या, नाहीतर दोघांचे आकडे जुळवणारी रेषा वाकडी बसते.

इथे एक खाच आहे. मेटॉप स्थानिक साडेनऊला जातो, सकाळी आणि रात्री. तीन अक्षांवर स्थिर ठेवलेल्या भूस्थिर उपग्रहात मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य थेट उपकरणाच्या तोंडात डोकावतो, आतले भाग तापतात आणि काळ्या पट्टीचे ‘वजन’ फसते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. इन्सॅट-३डीआर जिथे आहे त्या ७४° पूर्वेला मध्यरात्र म्हणजे आपल्या घड्याळात साडेबाराच्या पुढे. आयएएसआयला हे दिसतच नाही. त्यासाठी रात्री दीडला जाणारा क्रिस हा तसाच दुसरा सेन्सर वापरावा लागतो. एवढे करायचे नसेल तर ते तास वेगळे काढून ठेवा.

काळ्या मातीचाही त्रास होतो. ढग ओळखताना ‘निरभ्र असते तर जमीन किती तापली असती’ हा संदर्भ लागतो. मे महिन्यातली भेगाळलेली जमीन संदर्भात राहिली आणि जूनचा पहिला पाऊस पडला, की ओली थंड जमीनच ढग म्हणून मोजली जाते. म्हणून जूनमध्ये संदर्भाची खिडकी पाच-सात दिवसांची ठेवा, महिन्याची नको.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. आयएससीसीपीच्या दीर्घकालीन कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे काटा जुळवताना, सगळी पृथ्वी मिळून सरासरीने बदलत नाही असे गृहीत धरले होते. तेव्हा ‘जगभर ढग वाढले की घटले’ याचे उत्तर या मालिकेतून काढू नये, आणि लेखातले माझे तसे वाक्य चुकीचे होते. ते काढले आहे. आलेखावर १९९८ ची उभी रेघही आखली आहे, ती आधीच हवी होती.

तुमच्याच आलेखात पाहायचे असेल तर १९९८ च्या आधीचा आणि नंतरचा भाग वेगळा काढा आणि प्रत्येकाची सरासरी त्याच भागातून वजा करा. मग २०१७ ला पुन्हा तेच करा, कारण मेटिओसॅट-८ हा ४१.५° पूर्वेला बसला आणि परभणीचा कोन ४६° झाला.

पर्जन्यमापकाशी जुळवताना आणखी एक ध्यानात असू द्या. इन्सॅटच्या ७४° वरून पाहताना १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा परभणीजवळ सुमारे ६ किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो, म्हणजे दीड पिक्सेल. तालुक्याच्या आकड्याशी ताडण्याआधी तो दक्षिणेला आणा.